रांग आणि पंगत

वाट पाहण्याची शिस्त सांगणारे दोन शब्द मराठीत आहेत: रांग आणि पंगत. दोन्ही शब्द माणसांना ओळीने मांडतात. पण त्यांच्यातला न्याय एक नाही. रांगेत माणसामागे माणूस उभा असतो आणि जो आधी आला त्याचे काम आधी होते. पंगतीत माणसाशेजारी माणूस बसतो. वाढपी या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, प्रत्येक पानावर थोडे थोडे वाढतो आणि सर्वांना एकदा पोचल्यावरच आग्रहाची फेरी सुरू होते. कोण आधी येऊन बसला याला तेथे फारशी किंमत नसते. मात्र एखाद्या पानावर तुपाची धार अधिक पडली आणि टोकाच्या पानापर्यंत तूप पोचलेच नाही, तर त्या अन्यायाला आपल्या भाषेने स्वतंत्र नाव दिले आहे: पंक्तिप्रपंच.

अपुरी वस्तू अनेकांत वाटायची असेल तर रांगेचा न्याय श्रेष्ठ की पंगतीचा, हा प्रश्न नीतिविचाराइतकाच जुना आहे. आम्ही तो येथे जरा अनपेक्षित ठिकाणी नेऊन पाहणार आहोत. संगणकांच्या जाळ्यात जागोजागी बसवलेले राउटर नावाचे जे यंत्र असते, त्याच्या पोटात हा प्रश्न दर क्षणी उभा राहतो आणि तो दर क्षणी सोडवावाच लागतो. यंत्राला सद्भावना कळत नाही. 'सर्वांचे नीट पाहा' एवढे सांगून ते चालत नाही. नीट म्हणजे काय, हे अभियंत्याला लिहूनच द्यावे लागते. एरवी आपण ज्या गोष्टी संकोचाने मोघम ठेवतो, त्या तेथे उघड्या पडतात. म्हणून साहित्याच्या वाचकांनीही या यंत्राकडे एकदा निरखून पाहावे असे आम्हांस वाटते.

यंत्राचे काम सांगायला सोपे आहे. आपण धाडलेला प्रत्येक संदेश, चित्र वा आवाज लहान लहान तुकड्यांत विभागला जातो. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. नेहमीचे मोठे पॅकेट सुमारे १५०० बाइटांचे असते. राउटरकडे अनेक वाटांनी पॅकेटे येतात आणि ती पुढच्या वाटेला लावावी लागतात. पुढची वाट अरुंद असेल आणि येणारी पॅकेटे अधिक असतील, तर काहींना थांबावे लागते. अशा वेळी राउटरच्या हाती तीनच गोष्टी उरतात: कोणाला थांबवायचे, कोणाला आधी सोडायचे आणि कोणाला टाकून द्यायचे. वाहतुकीची रांग लावणे, वेगमर्यादा घालणे, प्राधान्य ठरवणे अशी जी कामे तंत्रज्ञ करतात, ती सारी या तीन क्रियांचीच रूपे होत.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. गर्दी होते ती दर वेळी कोणाच्या अपराधाने होते असे नाही. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणाऱ्या एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनीच्या मागण्यांचे गणित मांडले आणि त्यातून रांगांचे शास्त्र उदयास आले. त्या शास्त्राच्या सर्वांत साध्या प्रतिमानानुसार वाट निम्मी व्यापलेली असेल तर तेथे सरासरी एक ग्राहक असतो. नव्वद टक्के व्यापली की नऊ, आणि नव्व्याण्णव टक्के व्यापली की नव्व्याण्णव. मागणी थोडीशी वाढते आणि प्रतीक्षा अनेक पटींनी वाढते. थांबावे लागणे हा सामाईक जीवनाचा स्वभाव आहे. नीतीचा प्रश्न सुरू होतो तो ही प्रतीक्षा कोणाच्या वाट्याला किती यावी, येथून.

आरंभीच्या राउटरांनी साध्या रांगेचा न्याय स्वीकारला होता: आधी येईल तो आधी जाईल, आणि जागा संपल्यावर येईल तो टाकला जाईल. वरवर पाहता याहून निःपक्षपाती नियम कोणता असणार? परंतु ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात एक विलक्षण गोष्ट घडली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्डांचे. त्यांच्यामधील दळणवळणाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडले नव्हते. पॅकेट पोचले नाही असे वाटले की धाडणारा संगणक ते पुन्हा धाडी. जे नुसतेच रांगेत अडकले होते त्याचीही दुसरी प्रत निघे. गर्दी वाढे, उशीर वाढे आणि त्या उशिरामुळे आणखी प्रती निघत. वाट पूर्ण भरलेली होती आणि तरीही तिच्यावरून जवळजवळ काहीच नवे जात नव्हते.

व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावर जो उपाय सांगितला, तो संयमाचा होता. प्रत्येक संगणकाने आपला वेग हळूहळू वाढवावा. पॅकेट हरवले की ती गर्दीची खूण मानावी आणि वेग एकदम कमी करावा. वाढ बेरजेने आणि माघार भागाकाराने, ही रीत सर्वांनी पाळली तर त्यांचे वाटे कालांतराने समान होत जातात, हे चिऊ आणि राज जैन यांनी १९८९ साली गणिताने दाखवले. जगाचे संगणकजाळे उभे राहिले ते बऱ्याच अंशी या स्वेच्छेच्या माघारीवर. आपण माघार घेतली नाही तर शिक्षा करणारा कोणी नाही, हे ठाऊक असूनही कोट्यवधी यंत्रे माघार घेत राहिली.

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती जॉन नेगल यांनी त्याआधीच, १९८५ च्या डिसेंबरात, आरएफसी ९७० या टिपणात मांडली होती. फोर्ड एरोस्पेसमध्ये काम करणाऱ्या या अभियंत्याने विचारले, की साध्या रांगेत शहाणपणा कशात आहे? जो जास्त पॅकेटे लोटतो त्याला रांगेत जास्त जागा मिळते. जो गर्दी पाहून मागे सरतो, त्याने रिकामी केलेली जागा हावरट माणूस भरून काढतो. म्हणजे 'आधी येईल त्याला आधी' हा नियम निःपक्षपाती असूनही सज्जनाला तोट्यात टाकतो आणि दांडगाईला बक्षीस देतो. ज्याने कधी बसच्या दारापाशी रांग मोडताना पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगायला नको.

नेगल यांचा उपाय म्हणजे आपली पंगत. प्रत्येक धाडणाऱ्याची स्वतंत्र रांग करायची आणि राउटरने फेरीने प्रत्येकाचे एकेक पॅकेट उचलायचे. पुढे १९८९ साली डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी त्यातली एक उणीव दूर केली. एकेक पॅकेट उचलले तर मोठी पॅकेटे धाडणाऱ्याचा फायदा होतो, जसा मोठी वाटी पुढे करणाऱ्याचा वाढप्यापुढे होतो. म्हणून मोजदाद पॅकेटांची न करता त्यांतील मजकुराच्या आकाराची करावी, असे त्यांनी सुचवले. या वाटपाचा परिणाम मोठा मार्मिक आहे. ज्याला थोडेच हवे त्याची गरज पूर्ण भागते. त्याने न घेतलेले उरलेल्यांत सारखे वाटले जाते. आणि हावरटाने कितीही पॅकेटे लोटली तरी ती त्याच्या स्वतःच्याच रांगेत साचतात. त्याच्या हावेची प्रतीक्षा त्यालाच करावी लागते.

आमच्या मते या सबंध विषयातील पहिला नैतिक धडा हाच आहे. चांगुलपणा कोणावर लादता येत नाही. पण चांगुलपणाचा तोटा होणार नाही अशी मांडणी करता येते, आणि जेथे ती करता येते तेथे न करणे हा दोष आहे. संयमाचे गोडवे गाणारा समाज जर संयमी माणसालाच मागे ठेवत असेल, तर त्याच्या उपदेशाला अर्थ राहत नाही. याचा अर्थ स्वेच्छेच्या संयमाची किंमत कमी होते असा मात्र नव्हे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे घराघरांतून जाळ्यावरचा भार वाढला, तेव्हा भारतातील मोठ्या चित्रवाहिनी-मंचांनी मोबाइल जाळ्यांवरील चित्राचा दर्जा १४ एप्रिलपर्यंत ४८० रेषांपुरता मर्यादित ठेवण्याचे मान्य केले होते. ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, त्यांनी हात आखडता घेतला. असे प्रसंग येतात आणि त्यांचा आदर केला पाहिजे. पण रोजची पंगत अशा प्रसंगांच्या भरवशावर बसवता येत नाही.

आता अधिक अवघड प्रश्नाकडे वळू. पंगतीत प्रत्येक पानाला सारखे वाढायचे हे ठरले. पण पान कोणाचे मोजायचे? आपल्या पंगतीचा इतिहास या बाबतीत अभिमानाने सांगण्यासारखा नाही. आत बसलेल्यांत कमालीची समता आणि आत कोणाला बसू द्यायचे यात कमालीची विषमता, हे आपण शतकानुशतके चालवले. सहभोजनाच्या चळवळी कराव्या लागल्या त्या त्यामुळेच. समान वाटपाचा नियम कितीही शुद्ध असला तरी 'एक' कोणाला म्हणायचे हे त्या नियमाआधीच ठरलेले असते, आणि अन्याय पुष्कळदा तेथे दडलेला असतो.

राउटरलाही हाच पेच पडतो. दोन संगणकांमधल्या एकेका संभाषणाला 'एक' मानले, तर एकाच वेळी तीस संभाषणे उघडणारा माणूस तीस पाने मांडून बसतो. बॉब ब्रिस्को या इंग्रज अभियंत्याने २००७ साली या प्रकारच्या समतेवर कडक टीका केली ती याच कारणाने. बरे, संगणकाच्या पत्त्याला 'एक' मानावे, तर एका पत्त्यामागे अनेक माणसे लपलेली असतात. पत्त्यांच्या टंचाईमुळे मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. वसतिगृहात दोनशे विद्यार्थ्यांना मिळून एकच पत्ता असतो. अशा ठिकाणी 'प्रत्येक पत्त्याला समान वाटा' हा नियम लावला, तर स्वतंत्र पत्ता घेणाऱ्या एका सधन घराला जेवढे मिळते तेवढ्यावर दोनशे मुलांना भागवावे लागते. नियम समतेचा आणि परिणाम विषमतेचा. म्हणून कोणी 'आम्ही सर्वांना सारखेच वागवतो' असे म्हटले, की 'सर्व' कसे मोजले हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

दुसरा पेच घाईचा. काही पॅकेटांना खरोखरच थांबून चालत नाही. दूरध्वनीवरचा आवाज एका दिशेने १५० मिलिसेकंदांहून अधिक रेंगाळू नये, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शन आहे. त्याहून उशीर वाढत गेला की बोलणारे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. उलट रात्री चालणाऱ्या साठवणीच्या प्रतीला दहा मिनिटे उशीर झाला तर कोणाचेच काही बिघडत नाही. तेव्हा प्राधान्य असावे हे उघड आहे. १९८१ सालच्या मूळ नियमावलीतच प्रत्येक पॅकेटावर घाईची खूण करण्यासाठी आठ पायऱ्या ठेवल्या होत्या, आणि 'तातडीचे', 'फ्लॅश', 'फ्लॅश ओव्हरराइड' ही त्यांची नावे लष्करी संदेशव्यवस्थेची आठवण करून देणारी होती. १९९८ साली त्या जागी चौसष्ट खुणांची नवी पद्धत आली.

अडचण अशी, की खूण धाडणाराच करतो. आपले काम तातडीचे नाही असे कोण म्हणेल? म्हणून बहुतेक जाळी आपल्या हद्दीत शिरणाऱ्या पॅकेटांवरची खूण जशीच्या तशी मान्य करीत नाहीत. ती पुसतात किंवा स्वतःची लावतात. शिवाय जाणते तंत्रज्ञ प्राधान्याच्या रांगेलाही कमाल मर्यादा घालतात, कारण ती अमर्याद ठेवली तर मागच्या रांगांची उपासमार होते. घाईचा हक्क मान्य करावा, पण त्याची कसोटी मागणाऱ्याच्या मोठेपणात नसावी. उशिराने त्याचे काय बिघडते यात ती असावी, आणि त्या हक्कालाही सीमा असावी. एवढे सूत्र आपल्या कचेऱ्यांनी आणि देवस्थानांनी पाळले तरी पुष्कळ होईल.

पैसे घेऊन घाई विकण्याचा मोह मात्र येथेच जन्मतो. आपल्या देशात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली, आणि २०१८ साली केंद्र सरकारने मजकुरामध्ये भेदभाव करून त्याची गती कमीजास्त न करण्याचे तत्त्व मान्य केले; वाहतुकीच्या वाजवी नियोजनाला त्यात मुभा आहे. अमेरिकेत हाच नियम २०१५ साली आला, २०१७ साली रद्द ठरला, २०२४ साली परत आला आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने तो पुन्हा रद्दबातल केला. 'वाजवी' या शब्दाचा अर्थ लावणे किती कठीण आहे, याचीच ही साक्ष होय.

तिसरा प्रश्न नकाराचा, आणि आम्हांस तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पॅकेट टाकून देणे हे पाप, असे कोणालाही सहज वाटेल. स्मृतिपट्टिका स्वस्त झाल्या तसे यंत्रे बनवणाऱ्यांनाही तसेच वाटले. त्यांनी राउटरमधली साठवण वाढवत नेली. परिणाम काय झाला? समजा साठवण १ मेगाबाइटची आहे आणि बाहेर जाणारी वाट सेकंदाला १ मेगाबिटची. साठवण भरली की शेवटी आलेल्या पॅकेटाला आठ सेकंद थांबावे लागते. कोणालाच नकार मिळत नाही, आणि कोणाचेच काम वेळेवर होत नाही. त्याहून वाईट म्हणजे धाडणाऱ्याला थांबण्याची खूणच मिळत नाही. पॅकेट हरवत नाही म्हणून तो वेग वाढवतच राहतो. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या रोगाकडे जगाचे लक्ष वेधले. नेगल यांनी तर १९८५ सालीच दाखवले होते, की साठवण अमर्याद असेल तर प्रत्येक पॅकेटाचे आयुष्य रांगेतच संपते आणि पलीकडे काहीच जिवंत पोचत नाही.

कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली यावर जो उपाय मांडला, त्यातली दृष्टी मोलाची आहे. रांग किती लांब आहे हे मोजू नका, पॅकेट रांगेत किती वेळ उभे होते ते मोजा, असे त्यांनी सांगितले. क्षणिक लोंढा सामावून घेणारी रांग चांगली. कायम ठाण मांडून बसलेली रांग वाईट. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत प्रतीक्षा एकदाही ५ मिलिसेकंदांखाली आली नाही, तर रांग ठाण मांडून बसली असे समजायचे आणि एक पॅकेट टाकून धाडणाऱ्याला सावध करायचे. वेळीच दिलेला लहान नकार पुढचा मोठा खोळंबा टाळतो.

'बघू', 'विचाराधीन आहे', 'वर पाठवले आहे' ही उत्तरे ज्या समाजात सौजन्याची मानली जातात, त्या आपल्यासारख्यांनी यावर थोडे थांबून विचार करावा. अर्ज घ्यायचा, नाकारायचा नाही आणि निर्णयही द्यायचा नाही, ही दया नव्हे. ज्याने अर्ज केला त्याचा दुसरीकडे जाण्याचा मार्गही त्यात अडतो. हस्तलिखिते वर्षभर कपाटात ठेवणाऱ्या नियतकालिकांनाही हे लागू आहे, आणि त्यातून आम्ही स्वतःला वगळू इच्छीत नाही.

ही तत्त्वे प्रत्यक्षात कशी उतरतात हे पाहण्यासाठी एखाद्या जुन्या मराठी ग्रंथालयाचा वाचनकक्ष डोळ्यांपुढे आणू. वीस मेजे आहेत आणि सेकंदाला ४० मेगाबिटांची एकच जोडणी. प्रत्येक मेजाला २ मेगाबिटांची कायम मर्यादा घातली तर वाटप समान झाले. पण तीनच वाचक बसलेले असताना ३४ मेगाबिट वाया जातात आणि तिघे ताटकळतात. त्यापेक्षा प्रत्येकाला २ मेगाबिटांची हमी द्यावी आणि उरलेले ज्याला हवे त्याने उसने घ्यावे, दुसरा येताच परत करावे, ही रीत शहाणपणाची. ती राउटरवर सहज बसवता येते. आता समजा, एका मेजावर एक मुलगी स्पर्धा परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवशी भरते आहे आणि शेजारी कोणी चित्रपट उतरवून घेतो आहे. ग्रंथपालाने तिला प्राधान्य द्यावे काय? मन चटकन होय म्हणते. पण तसे करायचे तर प्रत्येक मेजावर कोण काय करतो हे डोकावून पाहावे लागेल, आणि वाचनकक्षाला ते शोभणारे नाही.

पंगतीची रीत येथे डोकावल्याशिवाय मार्ग काढते. २०१८ साली आरएफसी ८२९० या नावाने नोंदल्या गेलेल्या पद्धतीत प्रत्येक संभाषणाची वेगळी रांग असते, आणि जी रांग नव्याने आली, जिचे मागणे थोडे आहे, ती आधी सोडली जाते. अर्ज भरणाऱ्या मुलीची पॅकेटे मोजकी. ती चटकन निघून जातात. चित्रपटवाल्यालाही त्याचा वाटा मिळतोच. तिला आपली निकड कोणापुढे सिद्ध करावी लागत नाही, आपले दारिद्र्य वा भविष्य कोणापुढे मांडावे लागत नाही. जो थोडे मागतो त्याला ताटकळू द्यायचे नाही, एवढ्या एका नियमाने तिची लाज राखली जाते. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली असा विचार मांडला, की समाजात आपली जागा कोणती असेल हे ठाऊक नसताना आपण जे नियम मान्य करू ते न्याय्य. कोणत्या मेजावर बसायला मिळेल हे ठाऊक नसलेला वाचक याच नियमाला संमती देईल, असा आमचा विश्वास आहे.

यंत्रापासून नीती शिकण्याला एक मर्यादा आहे, ती सांगितली पाहिजे. टाकलेल्या पॅकेटाला दुःख होत नाही, आणि त्याची प्रत धाडणाऱ्याजवळ असते. ते पुन्हा धाडता येते. माणसाचे तसे नाही. रुग्णालयातील खाट नाकारलेल्या रुग्णाला पुन्हा येण्याइतका अवधी असेलच असे नाही. म्हणून वेळीच दिलेल्या नकाराची जी स्तुती आम्ही केली, तिला ही अट जोडलीच पाहिजे: ज्याला नाकारले त्याला पुन्हा मागण्याची वाट मोकळी असली पाहिजे. जेथे ती वाट नाही, तेथे नकार सोपा करण्याऐवजी वाढायचे पदार्थच वाढवले पाहिजेत. जोडणी रुंद करणे शक्य असताना रांगेची कलाकुसर करीत बसणे हाही एक प्रकारचा पंक्तिप्रपंचच.

आणखी एक फरक उरतो. पंगतीतला वाढपी सर्वांना दिसतो. त्याचा हात कोठे सैल सुटला आणि कोठे आखडला, हे शेजारचे पान पाहून कोणालाही कळते. त्या भीतीनेच तो निम्मा सरळ राहतो. राउटरमधला वाढपी कोणालाच दिसत नाही. एका बंद खोलीत कोणी चार ओळी लिहितो आणि हजारो लोकांची प्रतीक्षा ठरते. त्यांना वाटते की आज जाळे मंद आहे. म्हणून आमचे मागणे साधे आहे. जेथे जेथे सामाईक जोडणी असेल, मग ती ग्रंथालयाची असो, वसतिगृहाची असो वा सबंध शहराची, तेथे कोणाला 'एक' मोजले, कोणाची घाई मान्य केली आणि कोणाला केव्हा नाकारले, हे साध्या भाषेत लिहून दारावर लावावे. जो नियम दारावर लावण्याची लाज वाटेल, तो यंत्रातही लिहू नये.